ओसाकाचे साकुरानोमिया उद्यान : बहराचे आठ दिवस आणि बाकीचे वर्ष

गेल्या तीन वर्षांत ओसाका शहरातील केमा साकुरानोमिया उद्यानात वसंत, उन्हाळा, शरद आणि हिवाळा अशा चारही ऋतूंत जाण्याचा योग आला. मुलगी आणि जावई तेथे नोकरीनिमित्त राहतात व त्यांच्या घरापासून ओकावा नदीचा काठ पायी दहा मिनिटांवर आहे. नाशिकला रोज सकाळी गोदाकाठी फिरण्याची सवय असल्यामुळे तेथेही पाय आपोआप नदीकडेच वळत. जपानला निघालेली ओळखीची मंडळी हल्ली एकच प्रश्न विचारतात, की चेरीच्या फुलांचे दिवस हुकले तर त्या बागेत पाहण्यासारखे काही उरते का. त्याचे उत्तर फोनवर देऊन होत नाही, म्हणून हा सविस्तर अभिप्राय.

बाग म्हटल्यावर कुंपण, फाटक आणि तिकिटाची खिडकी डोळ्यांसमोर येते, तसे येथे काहीही नाही. उत्तरेला केमा आणि दक्षिणेला तेन्माबाशी यांच्या दरम्यान नदीच्या दोन्ही तीरांना बिलगून गेलेला चार किलोमीटरांहून थोडा अधिक लांबीचा हिरवा पट्टा, एवढेच या उद्यानाचे स्वरूप आहे. प्रवेश विनामूल्य असून कोणत्याही वेळी जाता येते. ओसाका स्थानकातून शहराभोवती फिरणाऱ्या लूप लाइनने निघाल्यास दुसरेच स्थानक साकुरानोमियाचे आहे आणि तेथून पाणी हाकेच्या अंतरावर आहे. स्थानकाबाहेर तासांच्या हिशेबाने खोल्या देणाऱ्या हॉटेलांच्या झगमगीत पाट्या दिसतात. मुलाबाळांसह जाणाऱ्यांनी त्या पाहून रस्ता चुकल्याची शंका घेऊ नये.

पहिली भेट अर्थातच साकुराच्या, म्हणजे चेरीच्या, बहरात झाली. नदीच्या दोन्ही काठांवर मिळून चेरीची जवळजवळ पाच हजार झाडे आहेत आणि त्यांतील बहुतेक सोमेइ योशिनो या जातीची आहेत. ही जात बियांपासून वाढवीत नाहीत. मूळच्या एकाच झाडापासून पिढ्यान्‌पिढ्या कलमे बांधून ती देशभर पसरली. त्यामुळे एका परिसरातील सगळी झाडे जणू ठरवून एकाच आठवड्यात फुलतात आणि एकाच आठवड्यात रिकामी होतात. आपल्याकडील द्राक्षबागायतदाराला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. त्याला आश्चर्य वाटेल ते छाटणीचे. चेरी छाटणारा मूर्ख आणि उमे, म्हणजे जपानी जर्दाळू, न छाटणारा मूर्ख, अशी तेथे म्हणच आहे, कारण चेरीच्या कापलेल्या फांदीची जखम लवकर भरत नाही व लाकूड तेथून कुजू लागते. पिंपळगाव बसवंतचे माझे व्याही बरोबर होते. द्राक्षवेलींच्या ऑक्टोबर छाटणीत ज्यांचे आयुष्य गेले, ते पाण्यापर्यंत ओथंबलेल्या त्या फांद्यांकडे पाहत बराच वेळ काही बोलले नाहीत.

बहर साधारणपणे मार्चच्या अखेरीस सुरू होतो आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पूर्णत्वाला पोहोचतो, पण हवामानानुसार तो चार-सहा दिवस मागेपुढे होतो. याच कारणाने नाशिकच्या एका सहल कंपनीबरोबर गेलेले आमचे शेजारी हिरवी पाने पाहून परतले. मी त्यांना त्या वेळी सांगू शकलो असतो, की फुले हुकली असली तरी टाकसाळ हुकवू नका. नदीच्या पश्चिम तीरावर जपानची टाकसाळ आहे. ती 1871 साली सुरू झाली आणि 1883 पासून तिच्या आवारातील चेरीची वाट वर्षातून साधारण आठवडाभर लोकांसाठी उघडली जाते. ही झाडे उशिरा फुलणाऱ्या, भरगच्च पाकळ्यांच्या जातींची आहेत. साडेतीनशेच्या आतबाहेर झाडांमध्ये शंभराहून अधिक प्रकार असून फिकट हिरवी फुले येणारी झाडेही त्यांत पाहिली. सुमारे 560 मीटरची ही वाट दक्षिणेच्या फाटकातून उत्तरेच्या फाटकापर्यंत एकाच दिशेने चालावी लागते आणि अलीकडे त्यासाठी आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. नाशिकरोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसच्या उंच भिंतींशेजारून ज्यांनी आयुष्यभर ये-जा केली, त्यांना पैसा घडवणाऱ्या कारखान्याच्या आवारात शिदोरी पिशवीत घालून निवांत चालण्यातली गंमत अधिक कळेल. नदीकाठची फुले गळाल्यानंतर, म्हणजे एप्रिलच्या मध्यास, ही वाट उघडते, हे प्रवासाची तारीख ठरवताना लक्षात ठेवावे.

बहरातील शनिवार-रविवार मात्र मी टाळायला सांगेन. झाडांखाली निळ्या ताडपत्र्या अंथरून सकाळपासून जागा धरल्या जातात, मांस भाजण्याचा धूर फुलांच्या वासावर मात करतो आणि शाकाहारी माणसाला खाण्याच्या गाड्यांवर फारसे काही मिळत नाही. अपवाद साकुरामोचीचा. जाडसर दळलेल्या चिकट भाताच्या गोळ्यात अझुकी या लाल कडधान्याचे गोड सारण भरून तो चेरीच्या खारवलेल्या पानात गुंडाळतात. सारण आपल्या पुरणाचे दूरचे भावंड शोभते आणि त्यावर पानाचा खारटपणा सुरुवातीला चमत्कारिक वाटतो; तिसऱ्या दिवशी आम्ही ते मागून खाऊ लागलो.

या उद्यानाची खरी गुरुकिल्ली मला फुलांत सापडली नाही, ती उत्तरेच्या टोकाला केमा येथे सापडली. पाटबंधारे खात्यात नोकरी झाल्यामुळे तेथे माझे तीन तास कसे गेले ते कळले नाही आणि पत्नीला ते चांगलेच कळले. ओकावा हे एके काळी योदो नदीचे मुख्य पात्र होते. 1885 च्या महापुरात ओसाका शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला आणि अनेक पूल वाहून गेले. त्यानंतर 1896 ते 1910 या काळात योदोसाठी समुद्रापर्यंत नवे रुंद पात्र खोदण्यात आले आणि जुन्या पात्रात किती पाणी सोडायचे, हे केमाच्या दारांवर सोपवण्यात आले. दोन पात्रांच्या पातळीतील फरक ओलांडून नावा नेण्यासाठी 1907 साली बांधलेले जलपाश आता वापरात नाही, पण विटा आणि दगडांसह जपून ठेवले आहे व जवळून पाहता येते. शेजारी पंपगृह आहे. वादळात समुद्राचे पाणी शहरात शिरू नये म्हणून खालच्या बाजूची दारे बंद केली, की शहरातील नद्यांत साठणारे पाणी येथील सहा पंप उचलून योदोत टाकतात. त्यांची एकत्रित क्षमता सेकंदाला 330 घनमीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने साडेअकरा हजार क्युसेकहून अधिक आहे.

हे पाहिल्यानंतर ओकावाच्या काठची पायवाट पाण्याला इतकी जवळ कशी, कठडे इतके बुटके कसे आणि जुनी झाडे तीरावर टिकली कशी, याचा उलगडा होतो. आपल्याकडे गंगापूर धरणातून विसर्ग वाढला, की गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की छातीला, यावर सारे शहर पूर मोजते, आणि 2008 व 2019 सारख्या वर्षी काठावर उभे केलेले सगळेच पाण्याच्या तावडीत जाते. त्यामुळे ‘ओसाकाला जमते ते आपल्याला का जमत नाही’ असे बाकावर बसून म्हणणाऱ्या मंडळींनी आधी केमापर्यंत चालत जावे. ओसाकाने काठ सजवण्यापूर्वी नदीचा पूरच दुसरीकडे वळवला होता. स्वच्छतेची तुलना मात्र करावी, तिला कोणतीही सबब नाही.

उन्हाळ्याविषयी थोडक्यात सांगतो. जुलै-ऑगस्टमध्ये तेथे दमट उकाडा असतो, झाडांवरील सिकाडा किड्यांचा कर्कश आवाज पहाटेपासून सुरू होतो आणि नाशिकची पावसाळी हवा सोडून आपण येथे का आलो, असा प्रश्न पडतो. 25 जुलैच्या सायंकाळी तेन्जिन उत्सवात देवाची मिरवणूक शंभरेक नावांतून याच नदीवरून निघते आणि वर आतषबाजी होते. नाशिकच्या रामरथ-गरुडरथाच्या मिरवणुकीच्या गर्दीत वाढलेल्या माणसालाही ती गर्दी जड वाटली. ज्यांना तासन्‌तास उभे राहणे शक्य आहे, त्यांनीच हा दिवस निवडावा.

माझी पसंती नोव्हेंबरला आहे. चेरीची पाने तांबूस, नारिंगी आणि मधूनच पिवळी होतात, गिंकोची झाडे हळदीने माखल्यासारखी दिसतात आणि काठावर फिरणारे बहुतेक लोक स्थानिक असतात. शाळा-महाविद्यालयांचे नौकानयनाचे संघ सकाळी सराव करतात. प्रशिक्षक काठावरून सायकल चालवत कर्ण्यातून सूचना देत जातात, तेव्हा वाटसरूंनी बाजूला व्हायचे असते. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये नौकानयन करणारे दत्तू भोकनळ आपल्याच चांदवड तालुक्यातील, हे जावयाला सांगितल्यावर त्याने पुढचा अर्धा तास त्या लांब, निमुळत्या नावांकडे वेगळ्या नजरेने पाहिले. याच दिवसांत पूर्व तीरावरील उद्योगपती फुजिता यांच्या जुन्या वाड्याची बाग पाहावी. तिला लागून असलेल्या कलासंग्रहालयाच्या दालनात चहा आणि काडीला लावलेले दांगो, म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोळे, मिळतात.

हिवाळ्यात झाडे उघडी पडतात आणि नदी प्रथमच सलग दिसते. चंदेरी रंगामुळे ‘गिनबाशी’ म्हणून ओळखला जाणारा 1930 सालचा कमानीचा पूल आणि त्याला जोडून 2006 मध्ये उभारलेला दुसरा पूल एकाच नजरेत येतात. पाण्यावर पांढरे कुरव आणि बदके उतरलेली असतात, त्यांच्यामधून बसक्या छताची प्रवासी बोट जाते. निफाडची थंडी सोसलेल्यांना तापमानाचे भय नाही, पण नदीवरून येणारा वारा बोचरा असतो, कानटोपी न्यावी.

उणिवाही आहेत. कचऱ्याचे डबे जवळजवळ नाहीत, त्यामुळे केळीची साल संध्याकाळपर्यंत पिशवीतच बाळगावी लागते. पाठ टेकता येईल असे बाक कमी आहेत. सायकली मागून आवाज न करता येतात, ज्यांना कमी ऐकू येते त्यांनी पायवाटेची कड सोडू नये. प्रसाधनगृहे ठिकठिकाणी असून स्वच्छ आहेत, मात्र काही ठिकाणी उकिडवे बसण्याचीच सोय आहे, जी आमच्या पिढीला चालते, नातवंडांना चालत नाही. संपूर्ण उद्यान एका दिवसात पाहण्याचा हट्ट धरू नये. सकाळी केमाकडून निघून पूर्व तीराने साकुरानोमियापर्यंत आणि दुसऱ्या दिवशी पश्चिम तीराने तेन्माबाशीपर्यंत चालावे.