टिळकवाडीतल्या वाचनालयातली विज्ञान व्याख्यानं, एकदा तरी जावा

बेळगावच्या टिळकवाडीत एका मराठी वाचनालयात शनिवारी संध्याकाळी अधूनमधून विज्ञानाची व्याख्यानं असतात, फुकट. परवाचा विषय होता हुकूमशाहीत शास्त्रज्ञ कसे वागले. बोलणारे रिटायर्ड फिजिक्सचे सर, आणि काय बोलले ओ!

सुरुवातच जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबरपासनं. आपण उसाला युरिया टाकतो त्यातला अमोनिया ज्या पद्धतीनं बनतोय ती त्याची, पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी विषारी वायूचं काम पण त्यानंच केलेलं, आणि १९३३ मध्ये इन्स्टिट्यूटमधल्या ज्यू सहकाऱ्यांना काढायचा नाझी सरकारचा हुकूम आला तेव्हा त्यानं राजीनामा दिला, पुढच्या वर्षी परदेशात वारला. १९३५ ला भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स प्लांकनं बर्लिनमध्ये त्याची स्मृतिसभा घेतली, सरकारनं प्राध्यापकांना जायला बंदी केली तर कित्येकांच्या बायका जाऊन बसल्या. पण हाच प्लांक १९३३ ला लोकांना काढत होते तेव्हा उघडपणे गप्प होता, हे पण सरांनी स्पष्ट सांगितलं. मला हेच फार आवडलं, कुणाला देव केलं नाही की कुणाला शिव्या घातल्या नाहीत, माणूस एका वर्षी घाबरतोय आणि दुसऱ्या वर्षी उभा राहतोय हे दाखवलं.

मग रशिया. १९३८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ लांडाऊला अटक झाली त्याच दिवशी त्याच्या संस्थेचा प्रमुख कापित्सानं थेट स्टालिनला पत्र लिहिलं, वर्षभरानं स्वतः हमी देऊन सोडवून आणलं. वाविलोवला मात्र कुणी वाचवू शकलं नाही, जगभरची बियाणं गोळा करणारा माणूस १९४३ ला तुरुंगात उपासमारीनं गेला, आणि तिकडं दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी घातलेल्या लेनिनग्राडच्या वेढ्यात त्याची माणसं धान्याच्या नमुन्यांना हात न लावता भुकेनं मेली. माझ्या शेजारी खानापूरकडचे एक भातशेतीवाले काका होते, त्यांनी डोळे पुसले.

कमी काय, तर इटली राहून गेलं. १९३१ ला फॅसिस्ट राजवटीची शपथ घ्यायला बाराशेवर प्राध्यापकांतनं जेमतेम डझनभरांनी नकार दिला, त्यात गणितज्ञ व्होल्टेरा होते, हे यायलाच पाहिजे होतं. माईक मागं नीट ऐकू येत नाही, पुढं बसा. प्रश्नांना वेळ फारच कमी देतात, कॉलेजची पोरं हात वर करून तशीच राहिली, हे सुधारा प्लीज. आणि रेकॉर्डिंग टाका की, निपाणीकडच्या लोकांना संध्याकाळी येऊन परत जायला जमत नाही.

पाचपैकी साडेचार. अकरावी-बारावीची पोरं असतील तर घेऊन जावा.