डावखुऱ्यांचा सॉफ्टबॉल ग्लोव्ह (साडेबारा इंची, लेदर) : महाग आहे पण घ्या

भाचा डावखुरा, आउटफिल्डला (मैदानाच्या मागच्या भागात) खेळतो, पळतो लई. पण आमच्या परभणीत डावखुऱ्याचा ग्लोव्ह मागितला की दुकानदार उजव्यांचाच काढून देतो अन् वर म्हणतो "चालतंय की". नाही चालत भाऊ, डाव्यानं फेकणाऱ्याला ग्लोव्ह उजव्या हातात लागतो! शेवटी संभाजीनगरच्या एका दुकानातून ऑर्डर देऊन मागवला, दोन हजारांच्या वर गेला, ताईनं तोंड वाकडं केलं, मग तिला सँडी अमोरोस सांगावा लागला.

हा क्यूबाचा डावखुरा गडी, अमेरिकेतल्या ब्रुकलिन डॉजर्स ह्या बेसबॉल टीमचा, उंची बेताची पण पाय लई फास्ट. १९५५ च्या वर्ल्ड सिरीजची (तिथल्या बेसबॉलची फायनल) सातवी, निकालाची मॅच, डॉजर्स २-० नं पुढं, सहाव्या इनिंगला मॅनेजरनं ह्याला लेफ्ट फिल्डला आणलं अन् लगेच समोरच्या यांकीज टीमचे दोघं बेसवर असताना त्यांच्या योगी बेरानं बॉल डाव्या फाउल लाइनीकडं (मैदानाच्या हद्दीच्या रेघेकडं) उडवला. बेरा बॅटिंगला डावखुरा, उजवीकडं मारणारा, म्हणून अमोरोस सेंटरकडं सरकून उभा होता, तिथून जे सुसाट सुटला ते लाइनीपाशी उजवा हात लांबवून बॉल ग्लोव्हमधी! ग्लोव्ह डाव्या हातात असता तर हात आडवा टाकावा लागला असता, बहुतेक हुकलाच असता. वरून थ्रो टीममधल्या रीझकडं, रीझकडून फर्स्ट बेसवरच्या हॉजेसकडं, फर्स्ट बेसचा रनरपण आउट. डॉजर्सनी ब्रुकलिनमधी असताना जिंकलेली ही एकमेव वर्ल्ड सिरीज.

बाकी करिअर साधंच हो, ५१७ मॅच, ४३ होम रन. पुढं क्यूबात कॅस्ट्रोनं टीम सांभाळ म्हटलं, हा नाही म्हणाला तर सगळं काढून घेतलं, १९६७ ला अमेरिकेत आला तेव्हा पेन्शनला फक्त सात दिवस कमी पडत होते, ते डॉजर्सनी परत टीममधी घेऊन भरून दिले.

तर ग्लोव्ह. पॉकेट खोल आहे, बॉल आत गेला की बाहेर उडत नाही. लेदर सुरुवातीला लाकडावाणी कडक, रात्री आत बॉल ठेवून सुतळीनं आवळून ठेवा. मनगटाचा पट्टा मात्र बोगस, ढिला होतोय, म्हणून एक स्टार कट. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात गाडीच्या सीटवर टाकून जाऊ नका, तडे जातात. अन् मागवताना 'एलएचटी' लिहिलंय का बघा, म्हणजे डाव्यानं फेकणाऱ्याचा, उजव्या हातात घालायचा. लहान पोरांना साडेबारा इंच झेपत नाही, त्यांना अकराचा घ्या.