पृथ्वीगोल आणि तारेचं कडं : आठ महिने वापरल्यावर

"बाबा, अंतराळ स्थानक काल गेलं त्याच वाटेने आज का नाही गेलं?" मुलीच्या या प्रश्नाला मोबाइलच्या नकाशावरच्या त्याच्या मार्गाच्या नागमोडी रेघेने उत्तर मिळेना. म्हणून 30 सेंटीमीटरचा पृथ्वीगोल आणला आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाची कक्षा म्हणून ॲल्युमिनियमच्या तारेचं कडं त्याच्याभोवती बसवलं.

पहिला धक्का उंचीचा. या मापात 1 सेंटीमीटर म्हणजे सुमारे 425 किलोमीटर. स्थानक साधारण 400 किलोमीटरवर, म्हणजे कडं गोलाला जवळजवळ चिकटलेलंच! टीव्हीचे उपग्रह 35,786 किलोमीटरवर, म्हणजे गोलापासून 84 सेंटीमीटर लांब. त्यासाठी गोल जमिनीवर ठेवून मुलीने फरशीवर खडूने वर्तुळ काढलं. फ्री डिशच्या वाहिन्या देणाऱ्या जीसॅट-15 या उपग्रहाची 93.5 अंश पूर्व ही जागा त्यावर खुणावली, आणि गच्चीवरची फ्री डिशची छत्री आग्नेयेकडे का बघते ते तिला आपोआप दिसलं.

एक चूक सांगतो, तुम्ही करू नका. विकतचा गोल 23.5 अंश कललेला असतो. स्थानकाची कक्षा 51.6 अंश कललेली आहे; कड्याचा तो कोन मी टेबलापासून मोजला, आणि महिनाभर काहीच जुळेना. कोन विषुववृत्तापासून मोजायचा असतो. शेवटी गोलाचा आसच सरळ उभा केला.

त्यानंतर खरी मजा आली. कडं जागचं हलवायचं नाही, गोल फिरवायचा. स्थानकाच्या एका फेरीला सुमारे 93 मिनिटं लागतात, तेवढ्यात पृथ्वी 23 अंश पूर्वेला वळते. मुंबईवरून गेलेलं स्थानक पुढच्या फेरीत त्याच अक्षांशावर थेट अरबस्तानावर येतं. कड्यात कुठेही नागमोड नाही, तो गोल पृष्ठभाग सपाट नकाशावर पसरल्याचा परिणाम. हे मी वाचलेलं होतं, पण गोल हाताने फिरवेपर्यंत पटलं नव्हतं.

उणिवा आहेत. वेग कळत नाही. लंबवर्तुळाकार कक्षेला हे कडं निरुपयोगी. आणि आठवड्याभरात अंदाज चुकू लागतात, कारण पृथ्वी विषुववृत्तापाशी किंचित फुगीर असल्याने खरी कक्षाही रोज सुमारे 5 अंश पश्चिमेला सरकते.

त्यावर उपाय सापडला. कडं ज्यांवर उभं आहे ते दोन्ही खांब प्लायच्या गोल चकतीवर बसवले. सूर्य म्हणून एका बाजूला टेबल लॅम्प. सूर्यही ताऱ्यांमधून रोज जवळपास 1 अंश पूर्वेला जातो, म्हणून दिव्याच्या हिशेबाने चकती रोज 5 अधिक 1, म्हणजे 6 अंश पश्चिमेला फिरवायची. संध्याकाळी दिसणारं स्थानक काही दिवसांनी गायब का होतं आणि मग पहाटे का दिसू लागतं, हे आता मुलगी चकती फिरवून मैत्रिणींना दाखवते. रात्री झोपण्याआधी ते 6 अंश तीच सरकवते.