‘अंधारातली झाडं’ घेऊन मी ४,१०० रुपयांना फसले

सांगलीत विश्रामबागला शंभर फुटी रस्त्याच्या मागच्या अंगाला मी एक खोली भाड्यानं घेतली आहे. तळमजला, दहा बाय बारा, एकच खिडकी. खिडकीपासून चार फुटांवर शेजारच्या इमारतीची भिंत. ऊन असं आत कधी येत नाही. सकाळी दहा ते दुपारी तीनपर्यंत त्या भिंतीवरून परतून आलेला उजेड मिळतो, त्यानंतर दिवा लावावा लागतो. आमचं घर तासगाव तालुक्यातलं, द्राक्षबागेच्या कडेला. डोळे उघडले की समोर हिरवं दिसायची सवय. पतसंस्थेतल्या नोकरीसाठी सांगलीत आले आणि दोन महिन्यांत त्या भिंतीनं जीव नकोसा केला. खोलीत काहीतरी हिरवं पाहिजे, एवढंच मनात होतं.

गेल्या आषाढात रस्त्याकडेला एक टेम्पो उभा राहायचा. ‘बिनउन्हाची, बिनकटकटीची झाडं’ असा फलक लावलेला. पानं अशी चमकत होती की येणारा-जाणारा थांबून बघायचा. (ती चमक पानांवर फवारलेल्या तेलाची होती. पुढे त्याच चिकटपणावर धूळ बसली.) विकणारा तिशीतला, बोलायला अगदी मऊ. मी त्याला सरळ सांगितलं की माझ्या खोलीत ऊन येत नाही आणि कुंडीतलं झाड मी कधी सांभाळलेलं नाही. तो म्हणाला, “मग ताई, ही तुमच्यासाठीच आहेत. अंधारातली झाडं. आठवड्याला कपभर पाणी घाला आणि विसरून जा.”

खिडकी कोणत्या दिशेला आहे, किती मोठी आहे, झाड खिडकीपासून किती लांब ठेवणार, यातलं एक अक्षर त्यानं विचारलं नाही. तेव्हा मला ते खटकलं नाही. आज वाटतं, मी तिथंच मागे फिरायला हवं होतं.

मी पाच झाडं घेतली. झेडझेड प्लांट ४५० रुपये, स्नेक प्लांट ३५०, अरेका पाम ६००, मनीप्लांट २५० आणि गडद गुलाबी पानांचं एक झाड, ज्याला तो ‘पिंक काँगो’ म्हणत होता, ते १,२००. तीन चिनी मातीच्या कुंड्या ९०० रुपयांच्या. वर ‘ग्रोथ टॉनिक’ नावाची निळ्या पाण्याची बाटली ३५० रुपयांना. सगळे मिळून ४,१०० रुपये यूपीआयनं दिले. पावती मागितली तर त्यानं हिरव्या रंगाचं एक गॅरंटी कार्ड हातात ठेवलं. सहा महिन्यांत झाड गेलं तर बदलून मिळेल, असं त्यावर छापलेलं, खाली एक मोबाइल नंबर. पत्ता नाही, दुकानाचं नाव नाही.

दुसऱ्याच आठवड्यात अरेका पामच्या खालच्या फांद्या पिवळ्या पडायला लागल्या. मग शेंडे करपले, पानांमागे बारीक जाळी दिसायला लागली. श्रावण लागेपर्यंत झेडझेडच्या दोन दांड्या बुडापासून पिवळ्या होऊन आडव्या झाल्या. स्नेक प्लांटची पानं हिरवी होती, पण एक पान कलंडलं आणि त्याच्या बुडाला कुजका वास यायला लागला. मी फोटो काढून त्या नंबरवर पाठवले. उत्तर आलं, “पाणी जास्त झालंय ताई.” मी पाणी तोडलं. दहा दिवसांनी पुन्हा फोटो पाठवले, तर म्हणाला, “पाणी कमी पडलंय. टॉनिक डबल करा.” मी तेही केलं. तिसऱ्यांदा म्हणाला, घरी येऊन बघायला लागेल, ५०० रुपये आधी पाठवा. मी गॅरंटीची आठवण दिली. त्यानंतर माझा नंबर त्यानं ब्लॉक केला.

पैसे गेल्याचं दुःख होतंच. माझा महिन्याचा खानावळीचा खर्च त्याच्यापेक्षा कमी आहे. पण त्याहून वाईट गोष्ट वेगळी होती. ते तीन महिने मी पूर्ण खात्रीनं धरून चालले होते की चूक माझी आहे. शेतकऱ्याची मुलगी असून मला कुंडीतलं झाड जगवता येत नाही, माझा हातगुणच वाईट, असं मी आईला फोनवर सांगितलं. घरमालकीणबाई आल्या की मी दाराआड पाम लपवायचे. ही फसवणूक चालते ती याच्याच जिवावर. नवख्या माणसाला झाड मेल्यावर विकणाऱ्याचा संशय येत नाही, स्वतःचाच येतो. तो गप्प बसतो आणि पुढच्या आषाढात टेम्पो पुन्हा उभा राहतो.

भाद्रपदात आप्पा, म्हणजे माझे वडील, सांगलीला बेदाण्याच्या सौद्याला आले होते. जेवायला खोलीवर आले, झाडांकडे बघितलं आणि काही न बोलता उकिडवे बसले. स्नेक प्लांटचं एक पान दोन बोटांत धरून वर उचललं. ते अलगद हातात आलं. दुसरं उचललं, तेही आलं.

“हिला पांढरी मुळी कुठाय गं?” आप्पांनी विचारलं. “पानं कापून खोचल्याती नुसती.”

पांढरी मुळी म्हणजे पाणी आणि अन्न ओढणारी नवी, बारीक मुळं. द्राक्षवाल्यांच्या घरात हा शब्द रोजचा. पांढरी मुळी चालली तर बाग चालते. आणि मी ३५० रुपये मोजून मुळाविना पानं आणली होती. स्नेक प्लांटच्या पानात पाणी साठलेलं असतं, त्यामुळे कापलेलं पान मातीत खोचून ठेवलं तरी आठवडेच्या आठवडे हिरवंगार दिसतं. घेणाऱ्याला कळेपर्यंत विकणारा गाव बदलतो. अशा पानाला मुळं फुटू शकतात, पण त्याला महिने लागतात, आणि रोप म्हणून घेतलेल्या कुंडीत तयार गड्डा असायला हवा. म्हणून आता सांगते: घेतानाच झाड बुडाशी धरून हलकेच वर ओढून बघा. मुरलेलं रोप माती धरून राहतं. विकणारा “हात लावू नका” म्हणाला तर तिथून निघा.

मग आप्पांनी कुंड्या उलट्या केल्या. तिन्ही चिनी मातीच्या कुंड्यांना खाली भोकच नव्हतं. झेडझेडच्या कुंडीतून काळं, वास मारणारं पाणी निघालं. ते झाड खरं होतं, चांगलं होतं. झेडझेडला मातीखाली बटाट्यासारखे गड्डे असतात, त्यात ते पाणी साठवतं, म्हणून महिनाभर पाणी नाही मिळालं तरी तगतं. पण पावसाळ्यात, ओल धरणाऱ्या खोलीत, बिनभोकाच्या कुंडीत ते गड्डे कुजणारच. पामचं बूड उकरलं तर आत चिकणमातीचा कडक गोळा. वरून पाणी घातलं की ते गोळ्याच्या कडेनं खाली जायचं आणि मुळं कोरडीच. म्हणजे दोष मी घातलेल्या पाण्याचा नव्हताच, त्यानं दिलेल्या कुंडीचा आणि मातीचा होता. पानांमागची जाळी आप्पांनी लांबूनच ओळखली: लाल कोळी, पानातला रस शोषणारी बारीक कीड.

पामचं खरं दुखणं उजेडाचं होतं. अरेकाला थेट ऊन नसलं तरी चालतं, पण भरपूर उजेड लागतो. नर्सरीत तो शेडनेटखाली वाढतो. तिथला उजेड माझ्या खोलीतल्या उजेडाच्या कितीतरी पट असतो. आप्पा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “खरड छाटणीनंतर आभाळ राहिलं तर काडीत घड भरत न्हाईत, हे तुला लहानपणापास्नं ठावं हाय. मग उजेडाबिगर झाड जगंल असं कसं वाटलं तुला?” (खरड छाटणी म्हणजे द्राक्षाची एप्रिलच्या सुमाराची छाटणी. पुढचे घड त्यानंतरच्या उन्हात काडीत तयार होतात.) मला उत्तर देता आलं नाही. बागेतल्या झाडाला जे लागू, ते कुंडीतल्याला लागू नाही असं मी का मानलं, कुणास ठाऊक. प्रकाश हेच झाडाचं अन्न शिजवायचं इंधन. काही झाडं थोडक्यात भागवतात. शून्यात कुणीच भागवत नाही. ‘अंधारातलं झाड’ अशी जातच नसते.

राहिलं ते १,२०० रुपयांचं गुलाबी झाड. त्याचं नवीन पान हिरवं येत होतं आणि मला वाटत होतं की तेही आजारी पडलं. आप्पांनी जुनी पानं न्याहाळली आणि म्हणाले, “ऑक्टोबर छाटणीच्या आधी आपण पानगळीला इथेफॉन मारतोच की. औषधानं झाडाकडनं काय पायजे ते करून घेता येतं. ह्याला बी कायतरी दिलंय.” मी नंतर वाचलं, शोधलं, ते बरोबर निघाले. पिंक काँगोचा गुलाबी रंग झाडाचा नसतोच. रोपाला रसायन देऊन काही पानं गुलाबी आणतात, त्या भरात विकतात, आणि सहा महिने ते वर्षभरात नवी पानं हिरवी येऊन झाड साधं हिरवं होतं. माझं झाड आता अकरा महिन्यांनी पूर्ण हिरवं आहे. जिवंत आहे, ठणठणीत आहे, पण तसलं हिरवं रोप मला शे-दोनशेत मिळालं असतं. गुलाबी छटा मुळातच असणारी ‘पिंक प्रिन्सेस’ नावाची दुसरी जात आहे, तिच्या पानावर गुलाबी ठिपके-पट्टे वेडेवाकडे असतात आणि तिलाही चांगला उजेड लागतो. एकेक पान सरसकट गुलाबी दिसलं की सावध व्हा.

टॉनिकच्या बाटलीवर नावापलीकडे काही छापलेलं नव्हतं. आप्पा म्हणाले, १९:१९:१९ खताची पिशवी घेताना आम्ही आकडे बघतो, आणि तू साडेतीनशेचं निळं पाणी घेतलंस. नत्र किती, स्फुरद किती, पालाश किती, हे लिहिलेलं नसेल ते खत घेऊच नये. तसंही कमी उजेडातलं झाड हळू वाढतं, त्याला खताची भूक थोडीच. मी मात्र कुजणाऱ्या मुळांवर डबल टॉनिक ओतत होते.

अजून एक गोष्ट टेम्पोवाला प्रत्येकाला सांगायचा: ही झाडं हवा शुद्ध करतात, ‘नासा’नं सिद्ध केलंय. तो प्रयोग खरा आहे, १९८९ चा, पण तो हवाबंद पेट्यांमध्ये केलेला होता. २०१९ मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा आढावा घेतला गेला, तेव्हा निघालं की घरातल्या खेळत्या हवेइतकी शुद्धी झाडांकडून हवी असेल तर दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं ठेवावी लागतील. माझ्या खोलीत मग मला उभं राहायला जागा उरणार नाही. हिरवं डोळ्यांना बरं वाटतं, मनाला बरं वाटतं, तेवढ्यासाठी घ्यावं. हवेच्या नावानं जास्तीचे शंभर रुपयेही देऊ नयेत.

दिवाळीनंतर मी मिरज रस्त्यावरच्या एका साध्या नर्सरीत गेले. तिथल्या मामांनी झाड दाखवायच्या आधी विचारलं, “खिडकीत बसून आभाळ दिसतं का?” मला तिथंच रडू फुटायचं बाकी होतं. त्यांनी शिकवलेली परीक्षा सगळ्यांनी करून बघावी. भर दुपारी, दिवे बंद करून, जिथं झाड ठेवणार तिथं पांढरा कागद ठेवा आणि त्यावर वीतभर उंचीवर हात धरा. सावलीच्या कडा स्पष्ट दिसल्या तर उजेड भरपूर. सावली पुसट पण कळण्याइतकी असेल तर झेडझेड, स्नेक प्लांट, हिरवा मनीप्लांट, हिरव्या पानांचा अग्लोनेमा यांतलं काहीही चालेल. सावली पडलीच नाही तर तिथं झाड ठेवू नका, किंवा जवळ पांढरा एलईडी दिवा रोज दहा-बारा तास लावा. माझ्या खोलीत खिडकीपासून तीन फुटांपर्यंत पुसट सावली पडते, कपाटाशेजारी काहीच नाही. मी पाम कपाटाशेजारी ठेवला होता.

लाल-गुलाबी अग्लोनेमा आणि पांढऱ्या-पिवळ्या छटांचा मनीप्लांट कमी उजेडात घेऊ नका. रंगीत भागात हरितद्रव्य कमी असतं, त्यामुळे त्यांना उजेड जास्त लागतो आणि अंधारात रंगही फिका पडतो. पाणी वार ठरवून घालू नका. बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर थांबा. झेडझेड आणि स्नेक प्लांटची माती पूर्ण कोरडी होऊ द्या. पावसाळ्यात माझं झेडझेड तीन-तीन आठवडे पाण्याविना असतं. आणि घरात रांगतं मूल असेल तर मनीप्लांट, झेडझेड, अग्लोनेमा वर ठेवा. त्यांच्या रसातल्या सुईसारख्या स्फटिकांनी तोंड भाजल्यासारखं होतं. टेम्पोवाल्यानं हेही सांगितलं नव्हतं, आणि घरमालकीणबाईंचा नातू तेव्हा माझ्या खोलीत रांगत यायचा.

तक्रारीचं म्हणाल तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला होता. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो विक्रेत्याचं नाव आणि पत्ता. माझ्याकडे दोन्ही नव्हतं, यूपीआयवर दिसणारं एक नाव होतं, फलकावर कधीच न लिहिलेलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे मला तेव्हा माहीत असतं तर मी बिलाशिवाय एक रुपया दिला नसता. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते. सांगली-मिरजेत गेल्या आषाढात कुणी अशी झाडं घेतली असतील आणि ते हिरवं कार्ड अजून घरात असेल, तर टाकू नका. कार्ड, झाडांचे फोटो, पैसे दिल्याची नोंद आणि त्याच्याशी झालेलं बोलणं एकत्र जपून ठेवा. माझं मी ठेवलं आहे.