पुस्तकाची बैठक की स्नेहमेळावा? कोल्हापुरात माजी विद्यार्थ्यांचं मंडळ सुरू करताना

कॉलेजच्या माजी विद्यार्थी मंडळाची कोल्हापूरची जबाबदारी अंगावर आली, की दोन प्रकारचे फोन येऊ लागतात. एक म्हणतो, "रविवारी सगळ्यांना मिसळीला बोलवा, बाकीचं मग बघू." दुसरा म्हणतो, "नुसतं खाणंपिणं नको, पुस्तकांवर बोलू, काहीतरी टिकेल असं करू." दोघांनाही मंडळाची कळकळच असते. पण मंडळ चालवणारे हात सुरुवातीला दोन-तीनच असतात, नोकरी-धंदा आणि घर सांभाळून वेळ काढायचा असतो, त्यामुळे आधी काय हे ठरवावंच लागतं. दोन्ही प्रकार चालवताना जे दिसलं, ते इथं इस्कटून सांगते.

माझं मत आधीच सांगून टाकते. मंडळ फक्त वर्षातून एकदा भेटण्यापुरतं हवं असेल तर मेळावा पुरेसा आहे. वेगवेगळ्या वर्षांची माणसं एकमेकांना ओळखू लागावीत असं वाटत असेल, तर पुस्तकाच्या बैठकीला पर्याय नाही.

कोण कोणाशी बोलतं

मेळाव्याचं बळ गर्दीत आहे. एरवी ग्रुपवर एक शब्द न लिहिणारी माणसं मेळाव्याला सहकुटुंब येतात. गुरुजनांचा सत्कार होतो, जुने फोटो निघतात, पंचवीस-तीस वर्षांनी मैत्रिणी गळ्यात पडतात. हे सुख दुसऱ्या कशातून मिळत नाही आणि त्याला कमी लेखणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही. पण जेवणाच्या वेळी हॉलमध्ये नजर टाका. ९५ची बॅच एका कोपऱ्यात, २००८ची दुसऱ्या कोपऱ्यात, नुकतीच पास झालेली पोरं दाराजवळ मोबाइल बघत उभी. मेळाव्यात आधीची ओळख ताजी होते, नवी ओळख मात्र क्वचित होते. ज्याची बॅच आली नाही तो जेवून निघून जातो आणि पुढच्या वर्षी येत नाही.

बैठकीत दहा-पंधरा माणसं गोल बसतात आणि बोलायला विषय समोर ठेवलेला असतो. त्यामुळे "तुम्ही कुठल्या बॅचचे" हा प्रश्न मागे पडतो. आमच्याकडे आनंद यादवांच्या 'झोंबी'वर चर्चा झाली तेव्हाचं सांगते. यादव कागलचे, म्हणजे आमच्यातल्या निम्म्यांच्या पाहुण्या-रावळ्यांतले. हे आत्मचरित्रात्मक लेखन १९८७ साली आलं आणि १९९० साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शेतात राबवून घेणाऱ्या बापाशी झगडत शिकणाऱ्या पोराची ती गोष्ट. सुरुवातीला चर्चा भाषेवर चालली होती. मग एका निवृत्त ज्येष्ठांनी सांगितलं, की त्यांच्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी घरातली दुभती म्हैस विकली होती आणि ती बाजाराला निघाली तेव्हा आई घराबाहेर आली नव्हती. त्यांच्या शेजारी बसलेली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यात नोकरीला लागलेली मुलगी थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "आमच्यात अजून शैक्षणिक कर्जाचे हप्ते चाललेत, काका." त्या दोघांत जवळजवळ चाळीस वर्षांचं अंतर. पुढे त्याच काकांच्या ओळखीतून तिच्या धाकट्या भावाच्या राहण्याची सोय झाली. स्टेजवरच्या भाषणांतून असं नातं तयार होताना मी पाहिलेलं नाही.

बैठकीची मर्यादाही तितकीच ठळक आहे. वाचनाची सवय सुटलेली माणसं तिच्याकडे फिरकत नाहीत. "आपल्याला काय त्यातलं कळतंय" म्हणून लांब राहणारे पुष्कळ असतात, आणि त्यांत फार कर्तबगार माणसं असतात. मंडळाची दारं फक्त वाचणाऱ्यांसाठी उघडी ठेवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. म्हणून मेळावा लागतोच.

खर्च आणि हिशेब

मेळाव्याचा खर्च सांगावा लागत नाही. हॉल, मांडव, साउंड, आचारी, भांडी, सत्काराच्या शाली आणि फेटे. माणशी वर्गणी ठरते, पण "येतोय" म्हणणारे आणि प्रत्यक्ष येणारे यांचा मेळ बसत नाही. आचाऱ्याला आकडा आधी द्यायचा असतो, त्यामुळे वर्गणी आगाऊ घ्या आणि मगच नाव धरा. वाईटपणा येतो, तो घ्यावा. मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा ठेवणार असाल तर वार बघा. रविवार सगळ्यांना सोयीचा, पण जोतिबाचा वार म्हणून त्या दिवशी न खाणारी घरं आपल्याकडे कमी नाहीत. श्रावणात तर प्रश्नच मिटला. शाकाहारी पंगत वेगळी आणि तेवढ्याच मानाची ठेवावी, कोपऱ्यातल्या टेबलावर पनीर ठेवून भागवू नये. खर्च आवरायचा असेल तर सकाळची मिसळ सगळ्यांत सुटसुटीत: कट, फरसाण, ब्रेड, ताक, आणि अकरापर्यंत माणसं मोकळी. पुढे तासभर गप्पांना उरतो.

पैसा आला की हिशेब आला. एकाच्या वैयक्तिक खात्यावर सगळ्यांची वर्गणी मागवण्याची पद्धत सर्रास आहे आणि तीच भांडणाचं मूळ ठरते. कॉलेजचा मूळ माजी विद्यार्थी संघ नोंदणीकृत असेल तर त्याच्या खात्यातून, पावती देऊन व्यवहार करा. आपल्या राज्यात असे संघ सहसा १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, अशा दोन्हींखाली नोंदले जातात. नोंदणीला किमान सात सभासद लागतात आणि दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात. शहरातल्या छोट्या मंडळाने स्वतंत्र नोंदणीच्या मागे लागू नये असं मला वाटतं. कॉलेजला मात्र 'नॅक'च्या, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासून श्रेणी देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या, मूल्यांकनात माजी विद्यार्थी संघाची माहिती द्यावी लागते, त्यामुळे तुमच्या कार्यक्रमाचा अहवाल आणि फोटो प्राचार्यांना हवेच असतात. त्या बदल्यात वर्गखोली किंवा सभागृह मागायला संकोच करू नका.

बैठकीला खातंच लागत नाही. चहा आणि भडंग आळीपाळीने कोणीतरी आणतं. खर्च पुस्तकाचा, आणि तो ज्याचा त्याने करायचा. दहा-बारा प्रती एकदम घेतल्या तर विक्रेते सवलत देतात. एकच आग्रह धरते: ग्रुपवर पुस्तकाची स्कॅन केलेली फाइल फिरवू देऊ नका. लेखकाच्या घामाचा विषय असलेली चर्चा चोरीच्या प्रतीवर करणं शोभत नाही. ज्यांना विकत घेणं जमत नाही त्यांच्यासाठी करवीर नगर वाचन मंदिर आहे. १८५० सालापासून हे ग्रंथालय या शहराला वाचायला देतंय, आणि मंडळातले किती जण त्याचे सभासद आहेत हे विचारून बघण्यासारखं आहे.

जागा

मेळाव्याला कॉलेजचं आवार सगळ्यांत उत्तम, कारण माणसं त्या आवारासाठीच येतात. ते परीक्षांमुळे मिळालं नाही तर दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन मध्यवर्ती आहे. बैठकीला घराचा हॉल, गच्ची किंवा कॉलेजमधली एखादी वर्गखोली पुरते. हॉटेलात बैठक ठेवू नये. वेटर ऑर्डर घ्यायला येतो आणि नेमकं कोणीतरी मनातलं बोलत असताना वाक्य तुटतं. रंकाळ्याच्या काठावर बसून चर्चा करायची कल्पना प्रत्येक नव्या मंडळाला सुचते. फेरफटका आणि भेळ यांना रंकाळा झकास, पण संध्याकाळच्या वर्दळीत चर्चेतलं ऐकू येत नाही.

बायका कधी येतात

या मुद्द्यावर मी जरा जास्त थांबते, कारण मंडळं इथंच कमी पडतात. रात्रीचं जेवण ठेवलं की बायकांची संख्या निम्म्यावर येते, आणि जेवणाआधी 'बसणं' असेल तर पुढच्या वेळी ती शून्यावर येते. ज्यांना बसायचं आहे त्यांनी आपापल्या बॅचचं बसावं, मंडळाच्या नावावर नको. दुपारचा किंवा सकाळचा कार्यक्रम ठेवला की फरक लगेच दिसतो.

दुसरी गोष्ट तारखेची. कोल्हापुरात शिकलेल्या कितीतरी मुली लग्न होऊन सांगली, इचलकरंजी, निपाणी, पुणे अशा ठिकाणी गेलेल्या आहेत. त्या दिवाळीत भाऊबीजेला आणि मे महिन्यात मुलांच्या सुट्टीत माहेरी येतात. मोठा मेळावा त्याच दिवसांत ठेवा. जानेवारीतल्या सोयीच्या रविवारी ठेवलात तर त्या येणार नाहीत, आणि "बोलावलं होतं की" असं म्हणून सुटका होत नाही. यादी करताना माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही आडनावं लिहा. जुन्या हजेरीपटावरच्या नावाने शोधलं तर निम्म्या मैत्रिणी सापडत नाहीत.

मासिक बैठकीचा फायदा इथं राहणाऱ्या बायकांना होतो. दीड तासाची, ठरल्या वेळी सुरू होऊन ठरल्या वेळी संपणारी बैठक घरी सांगून येता येते. "कधी संपेल सांगता येत नाही" असा कार्यक्रम त्यांना परवडत नाही.

चालवणाऱ्याची दमछाक

मेळावा महिनाभर झोप उडवतो आणि मग अकरा महिने शांत. बैठकीचा ताण थोडा, पण दर महिन्याचा. कोणाची चिकाटी कशात आहे हे पाहून माणसं नेमा. फोनाफोनी, वर्गणी, आचारी यात रमणारा माणूस बैठकीत कंटाळतो आणि पुस्तकात रमणारा माणूस आचाऱ्यासमोर गोंधळतो. दोन्ही कामं एकाच्या गळ्यात घालू नका.

बैठक टिकवायची असेल तर दिवस कायमचा ठरवा, समजा दुसरा शनिवार. दर महिन्याला ग्रुपवर पोल घेतला की बैठक संपलीच म्हणून समजा. पुस्तक दोन महिने आधी जाहीर करा आणि पहिल्या वर्षी पातळ पुस्तकं घ्या. 'मृत्युंजय'सारखी जाडजूड कादंबरी सगळ्यांच्या आवडीची असते आणि अर्ध्यांची अर्धवट राहते. सुरुवातीला कथा सर्वांत बऱ्या. शंकर पाटील आपल्या पट्टणकोडोलीचे, त्यांची एखादी कथा बैठकीतच मोठ्याने वाचली की न वाचून आलेलाही चर्चेत येतो. कथेतली बोली वाचताना वाचणाऱ्याचा गावाकडचा आवाज आपोआप बाहेर येतो आणि खोलीतला अवघडलेपणा तिथंच संपतो.

एक माणूस दहा मिनिटं मांडणी करेल, मग प्रत्येकाने थोडं थोडं बोलायचं, आणि सुरुवात सगळ्यांत तरुण सभासदापासून. हा क्रम उलटा केलात तर ज्येष्ठांचं बोलणं होता होता वेळ संपतो. आपल्याकडे मोठ्यांना मध्येच थांबवता येत नाही, म्हणून क्रमातच काळजी घ्यायची.

दोन्ही एकत्र जमतं का

जमतं, पण मेळाव्यात अर्धा तास पुस्तकाला देऊन नाही. भुकेल्या माणसांसमोर कोणी पुस्तकावर बोलू नये. त्यापेक्षा सहल घ्यावी. पन्हाळा शहरापासून सुमारे २० किलोमीटर आहे आणि कवी मोरोपंतांचा जन्म तिथला. तीन दरवाजा, सज्जाकोठी बघून झाल्यावर सावलीत बसून त्यांच्या चार आर्या चालीवर म्हणणारं कोणी मंडळात असेल तर त्याला जरूर घेऊन जा. जवळचा पर्याय शिवाजी विद्यापीठाच्या आवारातलं वि. स. खांडेकर स्मृती संग्रहालय. खांडेकरांना १९७४ चा ज्ञानपीठ मिळाला, मराठीतला पहिला. सकाळी संग्रहालय बघायचं, विद्यापीठाच्या परिसरात फिरायचं आणि दुपारी एकत्र जेवायचं. वाचणारे आणि न वाचणारे दोघेही खुशीत परततात, शिवाय मुलांना बरोबर नेता येतं.

मग सुरुवात कशी करावी

तुमच्या ओळखीत नियमित वाचणारी तीन-चार माणसं असतील तर मेळाव्याची वाट न बघता बैठक सुरू करा. जून महिना चांगला. पावसात बाहेरचे कार्यक्रम तसेही होत नाहीत आणि घरात बसून चर्चा रंगते. फक्त जुलैअखेर ते ऑगस्टमधली बैठक पुढे ढकलायची तयारी ठेवा. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेच्या पुराने रस्ते बंद पडले होते, आणि शिरोळ-हातकणंगल्याकडचे सभासद तेव्हा आपापल्या घरांच्या काळजीत होते. अशा वेळी ग्रुपवर पुस्तकाचा विषय बाजूला ठेवून कोणाला काय हवंय एवढंच विचारावं.

वाचणारं कोणी दिसत नसेल तर दिवाळीच्या मिसळीपासून सुरू करा. नाव नोंदवताना प्रत्येकाला एकच जास्तीचा प्रश्न विचारा, अलीकडे काय वाचलं. ज्यांनी उत्तर लिहिलं त्यांना आठवड्याभरात फोन करा आणि डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी घरी बोलवा. नवरात्रात बैठक गावात ठेवायची नाही. अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी असते, गाडी लावायला जागा मिळत नाही. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा अंतिम सामना असेल त्या दिवशीही तारीख देऊ नका, शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठेतलं कोणी येणार नाही.