केमोनंतरचं स्तनाचं ऑपरेशन: गाठीपुरतं की पूर्ण, आणि काखेचं काय?

स्तनाच्या कॅन्सरवर ऑपरेशनआधी दिलेल्या केमोचे शेवटचे डोस जवळ आले की घरात चर्चा सुरू होते ती एकाच गोष्टीची: स्तन राखायचा की काढायचा. इंदूरच्या मराठी घरांत थोरामोठ्यांचा कौल बहुधा ठरलेला असतो: ‘बीमारी मुळासकट काढून टाका, मागे काही ठेवू नका.’ सल्ला प्रेमाचाच, पण या आजारात जास्त कापल्याने जास्त सुरक्षितता मिळतेच असं नाही. शिवाय चर्चा सगळी स्तनाभोवती फिरते आणि काखेतल्या गाठींचं, म्हणजे लसिकाग्रंथींचं, काय करायचं हे सही करतानाच कळतं. पुढची वीस-तीस वर्षं हात कसा राहील, हे मात्र काखेवरच ठरतं. म्हणून इथे दोन्ही निर्णय वेगवेगळे मांडले आहेत.

स्तन राखणं आणि स्तन काढणं

स्तन राखणाऱ्या ऑपरेशनमध्ये गाठ आणि तिच्याभोवतीची निरोगी कड काढतात. पूर्ण ऑपरेशनमध्ये, म्हणजे मॅस्टेक्टॉमीत, सगळा स्तन आणि बहुतेक वेळा निपलही जातं. आयुष्यमानाच्या बाबतीत दोन्ही सारखीच. अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि मिलानमध्ये उंबेर्तो वेरोनेसी यांच्या चाचण्यांचे २० वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये आले, त्यांत जगण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. त्या बायकांना केमो आधी दिलेली नव्हती, हा आक्षेप रास्त आहे. त्याचं उत्तर १९८३ ते २००२ दरम्यानच्या १० चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात मिळतं. केमो आधी घेतलेल्यांत १५ वर्षांत त्याच बाजूला आजार परतण्याचं प्रमाण सुमारे २१ टक्के, केमो नंतर घेतलेल्यांत सुमारे १६. मृत्यूंच्या प्रमाणात फरक नाही. मात्र त्यांतल्या काही चाचण्यांत गाठ विरघळली म्हणून ऑपरेशनच टाळलं होतं. ‘सोनोग्राफीत आता काहीच दिसत नाही, मग कशाला कापायचं?’ असं कोणी विचारलं तर हे आकडे पुढे ठेवावेत.

गाठ केमोने नाहीशी झाली असेल तर अडचण वेगळीच येते: सर्जनने कापायचं कुठे? यासाठी केमोच्या आधी गाठीत टायटॅनियमची बारीक क्लिप बसवतात. ऑपरेशनच्या दिवशी काढलेल्या तुकड्याचा लगेच एक्स-रे घेऊन क्लिप त्यात आली का हे पाहतात. क्लिप बसवली नसेल, गाठही लागत नसेल आणि जुने मॅमोग्राम घरात सापडत नसतील, तर स्तन राखणं अवघड होतं. केमो अर्ध्यावर असतानाच ‘क्लिप आहे का?’ असं विचारून ठेवा. गाठ पूर्ण गेलेली नसेल तर तेव्हाही बसवता येते.

केमोनंतरच्या मॅमोग्राममध्ये चुन्याचे बारीक ठिपके मोठ्या भागात पसरलेले दिसले तर गाठ आक्रसूनही पूर्ण ऑपरेशनकडेच जावं लागतं, कारण ठिपके केमोने पुसले जात नाहीत आणि त्यांच्याजवळ पेशी उरल्या आहेत की नाहीत हे बाहेरून सांगता येत नाही. स्तन लाल होऊन संत्र्याच्या सालीसारखा झालेला दाहक कॅन्सर, आधी छातीला मिळालेलं रेडिएशन, दोनदा कापूनही कडेला पेशी सापडणं, ही पूर्ण ऑपरेशनची ठाम कारणं आहेत. बीआरसीए जनुकात दोष निघाला तर पूर्ण ऑपरेशनचा, कधी दोन्ही बाजूंचाही, विचार होतो. पण तो चार दिवसांत उरकायचा निर्णय नाही.

आता रेडिएशन, इथल्या ओपीडीत ज्याला सगळे सिकाई म्हणतात ते. स्तन राखला तर ते घ्यावंच लागतं, असं धरून चाला: आठवड्याला ५ दिवस याप्रमाणे साधारण १५ वेळा, शिवाय गाठीच्या जागेवर ४ ते ८ जादा डोस. पूर्ण काढल्यावर सिकाई टळते हा समज मात्र चुकीचा आहे. केमोच्या आधी गाठ मोठी होती किंवा काखेत आजार होता, तर स्तन काढूनही बहुतेक वेळा रेडिएशन सुचवतात, कारण मूळची स्टेज विसरून चालत नाही. म्हणजे केवळ सिकाई नको म्हणून स्तन काढायचा बेत असेल, तर आधी रेडिएशनच्या डॉक्टरांना भेटून ‘मला दोन्हीत लागणारच आहे का?’ हे विचारा. उत्तर ‘हो’ आलं की अर्धी घालमेल संपते.

स्तन राखण्याचे तोटेही नीट समजून घ्या. कडेला पेशी निघाल्या तर दुसरं ऑपरेशन, दर वर्षी मॅमोग्राम आणि आकारात फरक. स्तनाचा पाचवा भाग किंवा अधिक जाणार असेल तर नुसतं शिवून खळगा पडतो. तेव्हा आजूबाजूच्या ऊती सरकवून आकार देणारी ऑन्कोप्लास्टी येणारा सर्जन हवा. पूर्ण काढल्यानंतर त्याच वेळी नवा स्तन बनवायचा असेल तर सिकाईचा विचार आधी करा. सिलिकॉनच्या इम्प्लांटभोवती रेडिएशनने कडक वेष्टण तयार होऊ शकतं. पाठीचा किंवा पोटाचा मांसल भाग वापरला तर तो ते अधिक सोसतो, पण ऑपरेशन लांबतं आणि जखमा दोन होतात. काही न बनवणं हाही पूर्ण रास्त पर्याय आहे. जखम भरल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी ब्रामध्ये सिलिकॉनचा स्तन घालता येतो, तोपर्यंत हलका कापसाचा.

आमचं मत विचाराल तर: क्लिप आहे, ठिपके पसरलेले नाहीत आणि सिकाईच्या वीसेक फेऱ्या नक्की होतील, तर राखा. यातली एक गोष्ट जरी डळमळीत असली, विशेषतः शेवटची, तर काढणं शहाणपणाचं. सिकाई अर्धवट सोडून राखलेला स्तन हा सगळ्यांत वाईट पर्याय.

काख: दोन-चार गाठी की सगळ्या

सेंटिनल पद्धतीत स्तनातून पाझर जिथे सर्वांत आधी पोचतो त्या मोजक्या गाठी निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव टोचून शोधतात आणि तेवढ्याच काढतात. पूर्ण सफाईत काखेतल्या चरबीसह दहा-वीस गाठी निघतात. हाताला कायमची सूज येण्याचं प्रमाण पूर्ण सफाईनंतर दर पाच बायकांत एक, सेंटिनलनंतर वीसात एक, असं ढोबळ मानाने धरा. त्यावर काखेचंही रेडिएशन झालं तर ते आणखी वाढतं.

केमोच्या आधीही काखेत आजार नव्हता तर सेंटिनल सरळ. आधी होता आणि केमोने गेला, तर प्रश्न नाजूक. अशा वेळी सेंटिनल फसू शकतं, कारण पाझर नेणाऱ्या वाहिन्या केमोने आक्रसलेल्या असतात: २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत किमान दोन गाठी तपासूनही, काखेत आजार उरलेल्या दर आठ बायकांत साधारण एकीचा तो निसटला होता. निळा रंग आणि किरणोत्सारी द्रव दोन्ही वापरले, किमान तीन गाठी काढल्या आणि केमोआधी काखेत क्लिप लावलेली गाठ त्यांत असल्याची खात्री केली, तर चूक बरीच कमी होते. हे तिन्ही जिथे होत नाही तिथे सर्जन पूर्ण सफाई सुचवतो, आणि ते प्रामाणिकपणाचं आहे. केमोनंतरही काखेत आजार हाताला लागत असेल तर सफाईला पर्याय नाही.

निळ्या रंगाविषयी एक व्यावहारिक गोष्ट: दोन दिवस लघवी हिरवट-निळी होते, घाबरू नका. पण मिथिलिन ब्लू वापरणार असतील आणि नैराश्याच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर नावासकट सांगा. त्यांतल्या काही गोळ्यांशी त्याची धोकादायक प्रतिक्रिया होते.

मोबाइलवर फिरणारी आणखी एक बातमी आहे: टाटाच्या डॉक्टरांनी गाठीभोवती भूल देणाऱ्या लिग्नोकेनचं इंजेक्शन टोचून आजार परतण्याचं प्रमाण कमी केलं. बातमी खरी आहे, २०२३ ची. पण त्या चाचणीतल्या बायकांचं थेट ऑपरेशन झालं होतं, केमो झालेल्या त्यात नव्हत्या. विचारायला हरकत नाही. हट्ट धरू नका.

तयारी

शेवटच्या डोसपासून ३ ते ६ आठवड्यांत ऑपरेशन व्हावं, ८ च्या पुढे जाऊ नये. फार लवकर केलं तर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट वर आलेल्या नसतात, मग जखम पिकते किंवा जास्त रक्तस्राव होतो. सण, लग्न, पितृपक्ष यांसाठी तारीख पुढे ढकलायची सवय इथे मोडावी. सीबीसी, साखर, ईसीजी आणि छातीचा एक्स-रे ठरलेलेच. लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन किंवा हर-टू प्रकारच्या कॅन्सरची ट्रास्टुझुमॅब घेतली असेल तर ताजा टूडी इको हवाच, कारण दोन्ही हृदयावर परिणाम करू शकतात. ट्रास्टुझुमॅब मात्र ऑपरेशनसाठी थांबवावी लागत नाही.

केमोसोबतच्या स्टेरॉइडने साखर चढलेली असते, तिच्याकडे आताच बघा. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी असेल तर ३-४ दिवस आधी बंद करायला सांगतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं आणि काढे-चूर्णांचं भूलतज्ज्ञांना सांगा. जेवणात प्रथिनं वजनाच्या दर किलोला १.२ ते १.५ ग्रॅम: ६० किलोला ७२ ते ९०. सकाळचे पोहे-शेव त्यात फारसे मोजले जात नाहीत. एका अंड्यात ६, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८, वाटीभर घट्ट वरणात ७ च्या आसपास. हिशेब घरीच करा. नखाच्या कडेला पू असेल, दात ठणकत असेल तर लपवू नका. टॅक्सोल या केमोच्या औषधाने तळपाय बधिर झाले असतील तर मोरी ओली ठेवू नका.

आदल्या रात्री हलकं जेवण. भुलीआधी ६ तास अन्न आणि दूध-चहा बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. नेलपॉलिश पुसा, त्या हातातल्या पाटल्या-बांगड्या घरीच काढा. सूज आल्यावर पाटली कापावी लागते.

ड्रेन आणि हात

स्तन राखला आणि सेंटिनलच केलं तर बहुधा ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी डब्यात ओढून घेणारी नळी, नसतो आणि एक-दोन दिवसांत घरी. पूर्ण ऑपरेशन किंवा काखेची सफाई झाली की एक-दोन नळ्या येतात, साधारण ७ ते १४ दिवस. घरी जो ड्रेन सांभाळेल त्याने वॉर्डमध्येच एकदा स्वतः करून पाहावं: हात धुवा, नळीची चिमटी बंद करा, झाकण उघडून पाणी मापात ओता, डबा भात्यासारखा पूर्ण दाबा, दाबलेला असतानाच झाकण लावा, मग चिमटी उघडा. डबा फुगलेला दिसला तर ओढ संपली आहे. रोज ठरल्या वेळी मिलिलिटर लिहा. दोन नळ्या असतील तर दोन रकाने. लाल, मग गुलाबी, मग पिवळसर असा रंग उतरत जातो. २४ तासांत ३० मिलीच्या खाली, सलग दोन दिवस आलं की काढतात. घाईने काढला तर पाणी साठून फुगवटा येतो, तो ओपीडीत सुईने रिकामा करतात; पुन्हा भरला तरी चिंता नको. मात्र तासा-दोन तासांत शंभरच्या वर ताजं लाल रक्त, छातीवर अचानक ताणलेला फुगवटा किंवा १००.४ च्या वर ताप, यांत सकाळची वाट पाहू नये.

हाताचा व्यायाम दुसऱ्या दिवसापासून: मूठ, मनगट, कोपर. ड्रेन असेपर्यंत खांद्याच्या वर हात नको. नंतर भिंतीसमोर उभं राहून बोटांनी वर चढा आणि पेन्सिलीने खूण करा. सिकाईच्या सीटीला हात डोक्यामागे ठेवून १५-२० मिनिटं निजावं लागतं. खांदा आखडलेला असेल तर तारीखच पुढे जाते. काखेतून कोपराकडे ताणलेली दोरी जाणवली तर तीही व्यायामानेच सुटते. दंडाच्या आतल्या बाजूची बधिरता मात्र बऱ्याचदा कायम राहते. पूर्ण सफाईनंतर त्या हाताला सुई आणि बीपीचा पट्टा शक्यतो टाळा. सेंटिनलनंतर एवढं सोवळं नको. पाण्याची बादली, भरलेला कुकर ४ ते ६ आठवडे दुसऱ्याने उचलावा.

इंदूर की मुंबई

ऑपरेशन इंदुरात चांगलं होतं. मुंबईचा फायदा दुसऱ्या मताचा, गुंतागुंतीच्या काखेचा किंवा ऑन्कोप्लास्टीचा. टाटात जायचं ठरलं तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखी सोय आधी पाहा. अवंतिका एक्सप्रेसने रात्रभराचा प्रवास ड्रेनसह करावा लागणार असेल तर खालचा बर्थ घ्या, डबा गाऊनला पिन करून नळी सैल सोडा. सिकाई मात्र घराजवळच घ्यावी. विचारायचं ते एवढंच, की मशीन लिनॅक (लिनिअर ॲक्सिलरेटर) आहे का, आणि आजार डाव्या बाजूला असेल तर श्वास रोखून हृदय वाचवण्याची सोय आहे का. आयुष्मान कार्डावर वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत खर्च भागतो आणि भरतीआधीचे ३ व सुट्टीनंतरचे १५ दिवसही त्यात येतात, म्हणून सुट्टीच्या कागदावरची तारीख जपून ठेवा. ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागाच्या बायोप्सीचा अहवाल एक-दोन आठवड्यांनी येतो. काहीच पेशी उरल्या नाहीत, तर उत्तम. उरल्या तर हर-टूमध्ये टी-डीएम-वनचे १४ डोस किंवा ट्रिपल निगेटिव्हमध्ये कॅपेसिटाबिनच्या गोळ्या पुढे येऊ शकतात, तेव्हा छातीतला केमोपोर्ट (औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली डबी) अहवाल हाती येईपर्यंत काढू देऊ नका.