लोबुचेचं हेलिकॉप्टर आधीच ठरलेलं होतं

एव्हरेस्ट बेस कॅम्पची तयारी करणाऱ्या सगळ्यांसाठी लिहिते आहे. काठमांडूतल्या एका ट्रेकिंग एजन्सीने मला आणि माझ्या नणंदेला फसवलं. पैसे गेलेच, पण त्या पैशांसाठी आम्हाला आजारी पडू दिलं गेलं, याचा संताप अजून जात नाही.

घरी येऊन सगळे कागद एकापुढे एक मांडले, तेव्हा दिसलं की ही फसवणूक पहाडात सुरू झालेली नव्हती. ती वेळापत्रकातच होती.

लुक्ला २८६० मीटरवर. तिथून फाकडिंग, मग नामचे बाजार (३४४०), पुढे तेंगबोचे, डिंगबोचे (४४१०), लोबुचे (४९४०), गोरक्षेप आणि शेवटी ५३६४ मीटरवर बेस कॅम्प. सरळ एजन्सी नामचेला आणि डिंगबोचेला प्रत्येकी एक रात्र जास्त ठेवते. विरळ हवेची शरीराला सवय होते ती या थांब्यांमुळे. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच काढावा, असं पर्वतीय वैद्यकातले डॉक्टर सांगतात. आमच्या वेळापत्रकातून हे दोन्ही थांबे गायब होते. आम्ही विचारलं, तर उत्तर आलं, "मॅडम, तुम्ही दोघी फिट आहात, उगाच दोन दिवसांचा खर्च कशाला?" हे धादांत खोटं आहे. रोज पळणाऱ्या धडधाकट माणसालाही उंचीचा त्रास होतो, आणि तो कोणाला होईल हे तब्येत बघून सांगता येत नाही.

याच लोकांनी आमचा रक्तदाब विचारला नाही, चालू औषधं विचारली नाहीत. विम्याची प्रत मात्र पुन्हा पुन्हा मागितली. हेलिकॉप्टरने सुटका धरली आहे का, किती मीटरपर्यंत, हा प्रश्न चांगली एजन्सीही विचारते, विचारायलाच हवा. पण बाकी काहीच न विचारता फक्त तेवढंच विचारणारा माणूस तुमच्या पॉलिसीकडे बघतो आहे, तुमच्याकडे नाही.

किरकोळ लूट तर सुरुवातीलाच झाली. दरपत्रकात नुसतं 'रुपये' लिहिलं होतं. काठमांडूत पोचल्यावर उरलेली रक्कम भारतीय रुपयांत मागितली. १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी होतात, म्हणजे फरक लहान नाही. सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क सार्क देशांच्या नागरिकांना १५०० नेपाळी रुपये आणि कर, इतरांना ३०००. आमच्याकडून ३००० घेतले.

लोबुचेला पोचलो त्या संध्याकाळी दोघींचं डोकं ठणकत होतं, जेवण समोर नको वाटत होतं. गाईडने ऑक्सिमीटर लावला. माझा आकडा ७९. तो म्हणाला, "दिदी, नव्वदच्या खाली गेलं की शहरात आयसीयूत ठेवतात. रात्रीत फुफ्फुसात पाणी भरेल." मला घाम फुटला. जवळपास ५००० मीटरवर निरोगी माणसाचाही ऑक्सिजन ऐंशीच्या आसपासच असतो, हे त्याला नक्की ठाऊक होतं. नुसती डोकेदुखी आणि मळमळ असेल तर आणखी वर जायचं नाही, थांबायचं, आणि कमी होत नसेल किंवा वाढत असेल तर खाली उतरायचं. खाली काही तासांवर फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे. ही संस्था १९७३ पासून काम करते आणि ट्रेकिंगच्या हंगामात तिथे डॉक्टर असतात. नणंदेने तेच सुचवलं, की पहाटे हळूहळू चालत फेरिचेला जाऊ. गाईड म्हणाला, दवाखाना बंद आहे. ऐन हंगामात! आमच्यानंतर त्याच आठवड्यात फेरिचेहून गेलेल्या एका ट्रेकरने नंतर सांगितलं, तो उघडा होता.

सकाळी हेलिकॉप्टर आलं. वाटेत आणखी दोन अनोळखी ट्रेकर त्यात चढवले. काठमांडूत रुग्णवाहिका तयारच होती, थेट रुग्णालयात. तोवर आमची डोकेदुखी जवळजवळ थांबली होती, तरी सलाइन, एक्स-रे, मुक्काम. पासपोर्ट 'विम्याच्या कामासाठी' म्हणून घेतले आणि कोऱ्या फॉर्मवर सह्या मागितल्या.

शेजारच्या खाटांवर तेच दोघे होते. चौघांनी बिलं एकत्र ठेवून पाहिली. तारीख तीच, हेलिकॉप्टरचा नोंदणी क्रमांक तोच, आणि चारही बिलांत अख्ख्या फेरीचं भाडं, तेही डॉलरमध्ये. डिस्चार्जच्या कागदावर फुफ्फुसात पाणी झाल्याचं निदान होतं. घरी परतल्यावर आमच्या डॉक्टरांनी तो एक्स-रे पाहिला, फुफ्फुसं स्वच्छ होती. विमा कंपनीने दावा नाकारला: उड्डाणाआधी त्यांच्या मदत क्रमांकावर फोन गेला नव्हता, आणि निदान व एक्स-रे जुळत नव्हते. पासपोर्ट परत मिळावेत म्हणून आम्ही पैसे तिथेच कार्डाने भरले होते.

हा धंदा नवा नाही. २०१८ साली नेपाळ सरकारने याच प्रकाराची चौकशी केली, तेव्हा काही ट्रेकिंग एजन्सी, हेलिकॉप्टर कंपन्या आणि रुग्णालयं यांचं संगनमत समोर आलं. एका फेरीचे अनेक विम्यांकडून पैसे घेणं हा त्यातलाच प्रकार. म्हणून ठरवण्याआधी नामचे आणि डिंगबोचेच्या जादा रात्री लेखी मागा, चलन लेखी मागा. विम्याचा चोवीस तासांचा क्रमांक स्वतःजवळ ठेवा आणि हेलिकॉप्टर बोलवायच्या आधी स्वतः फोन करा, गाईडच्या फोनवर विसंबू नका.

पण एक गोष्ट कळकळीने सांगते. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकल्यात फेस येत असेल, चालताना तोल जात असेल, बोलण्यात गोंधळ होत असेल, तर माझा अनुभव आठवून एक मिनिटही घालवू नका. ताबडतोब खाली उतरा, आणि हेलिकॉप्टर मिळत असेल तर त्यात बसा. पैशांचं नंतर बघता येतं.

आम्ही काठमांडूच्या पर्यटक पोलिसांकडे आणि विमा कंपनीकडे चारही बिलांच्या प्रती दिल्या आहेत. त्या दोघा ट्रेकरांनीही स्वतंत्र तक्रार केली आहे. तुमच्याकडे अशी बिलं असतील तर नोंदणी क्रमांक आणि तारीख जुळवून बघा, आणि जुळली तर तुम्हीही तक्रार करा.